बिऱ्हाड

क्लाइपेडाच्या बंदरात, मासे धुरवायच्या दुकानावर
दुसरा मजला. फेरीबोटीचं कार्यालय.
खिडकीबाहेर खरे कंटेनर, गंजके, एकावर एक,
पोटात काय ते फक्त कागदांना माहीत.
आत स्किर्मान्ते, नोकरीचा चौथा दिवस,
आणि सतरा वर्षांचं पीएचपी
जे तिच्या लॅपटॉपवर उठायलाच तयार नाही.

तिनं नीदाला फोन लावला.
ज्यानं हे लिहिलं तो आल्गिमान्तास
आता खाडीपलीकडे ब्रीम सुकवतो.
"माझ्या मशीनवर चालायचं," तो म्हणाला.
"आणि ते मशीन?"
"शेडमध्ये. वर मासे ठेवलेत."

म्हणजे मशीनच बांधायचं आता, लोखंडाशिवाय.
घर पाहावं बांधून; हे तर नुसतं वर्णन लिहून बांधायचं:
पीएचपी पाच पूर्णांक सहा, तेव्हाचाच डेटाबेस,
पुढं वेब सर्व्हर, दाराचा नंबर आठ हजार ऐंशी.
आणि ती यामल फाइल! केवढं तिचं सोवळं.
एका टॅबचा विटाळ झाला
की सगळी पंगत उठते.

जुनी पॅकेजं जिथून यायची ते सर्व्हर कधीच निवृत्त.
ती अडगळीतून शोधून आणली.
मग डेटाबेस डोळे चोळतोय तोवर
पीएचपी त्याला हाका मारायचं, आणि रुसून पडायचं.
त्याला थांबायला शिकवलं.

चार वाजून दहा मिनिटांनी पान उघडलं.
फक्त प्रत्येक बोट दोन तास आधी सुटत होती;
कंटेनरला कुणी सांगितलंच नव्हतं तो कुठल्या देशात आहे.
एका ओळीत सांगितलं: विल्नियस.
बोटी वेळेवर आल्या.

प्रवाशांच्या तक्त्यात पहिलीच नोंद:
मार्गिस. पाय चार. भाडं शून्य.
जागेचा रकाना कोरा,
त्यामुळे दर पानाच्या माथ्यावर एक पिवळा इशारा.

शनिवारी तो स्वतःच आला, बर्फाचे पापुद्रे फोडणाऱ्या बोटीनं,
काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला मासा.
पडद्याकडे पाहिलं. मग वाकून टेबलाखाली.
"कुठाय?"
"कुठंच नाही," ती म्हणाली, "बघा."
विंचवाचं बिऱ्हाड निदान पाठीवर तरी असतं.
दाखवायच्या भरात तिनं सगळं पाडलं,
पुन्हा उभं केलं. अकरा सेकंद.

वेळापत्रक आलं. बोटी आल्या.
प्रवाशांचा तक्ता रिकामा.
व्हॉल्यूम जोडायचं राहिलं होतं.
जे लिहिलं ते घराच्या भिंतीवरच लिहिलेलं,
आणि भिंती गेल्या.

तो काही बोलला नाही.
माशाचं तेल कागदातून झिरपत
हवामानाच्या नकाशापर्यंत आलं.
तिचे कान लाल.
मग तिला डंप फाइल आठवली; तीच पुन्हा ओतली,
या वेळी व्हॉल्यूमसकट.
पहिल्या ओळीत चार पाय.

"पाड," तो म्हणाला.
ती थबकली.
"पाड ना."
पाडलं. उभं केलं. चार पाय.
"परत."
ती पाडत गेली, तो बोटं मोडत गेला.
पाचव्यांदा त्यानं मासा सोडला,
तिच्या बशीत मधला तुकडा ठेवला.

"हा इशारा मी आजच घालवते," ती म्हणाली,
"एक आकडा टाकला की झालं."
तो काटे वेगळे करत होता.
"नको. राहू दे.
बोटीत तो कधी एका जागी बसलाच नाही."