चौतीस पूर्णांक आठ

ओबानच्या खाडीकाठी आमची प्रयोगशाळा,
तिच्यात ही बिनखिडक्यांची खोली, वर्षभर एकवीस अंश.
बाहेर मल बेटाची फेरी भोंगा देते, पाऊस आडवा येतो.
आत मी कुठल्याच ऋतूत नसते.

क्रेटमधून एकेक बाटली काढायची,
गळ्याशी धरलेलं मीठ कोरड्या कागदानं टिपून घ्यायचं.
एक कण आत पडला
तर ग्रीनलंडच्या काठचा अख्खा दिवस खोटा ठरतो.
तीनदा विसळायचं, चौथ्यांदा यंत्राला पाजायचं
आणि श्वास रोखून आकडा ठरेपर्यंत थांबायचं.

गोडं पाणी मोजायचं यंत्र नसतं,
हे मला इथं येऊन कळलं.
मोजायचं ते मीठच.
चौतीस पूर्णांक आठ हा आमचा खुंटा;
त्याच्याहून जितकं कमी भरेल
तितका बर्फ वितळला, तितक्या सैबेरियातल्या नद्या
ध्रुवाला वळसा घालून खाली निघाल्या, असं धरायचं.
जे उरलं नाही त्यावरून
कोण येऊन गेलं ते सांगायचं.

आबांना फोनवर सांगून पाहिलं.
ते उरणचे, जन्म मिठागरात गेला;
उघाडीतून आत घेतलेलं उधाणाचं पाणी जिभेवर टेकवून
कुठला वाफा कधी दाणा धरेल ते सांगायचे.
म्हणाले, "मंग तुमी चाखून का नाय बघत?"
मी हसले.
रात्री सगळे गेल्यावर
एकशे बारा नंबरच्या बाटलीतला उरलेला घोट चाखला.
खारट. दुसरं काय असणार.
दशांश जिभेला कळत नाहीत,
निदान माझ्या तरी.

दोर आणि साखळ्या मर्डो मॅकफेलकडे.
नांगर म्हणून तो रेल्वेची भंगारातली चाकं बांधतो.
"जन्मभर पळाली बिचारी," म्हणतो,
"आता बसू देत एका जागी."

गेल्या सप्टेंबरात सहा दोर वर घ्यायचे होते.
पाच आले. पिवळे गोळे पाण्याबाहेर उसळले,
एकाच्या पाठीवर हिमनगाचा लांब ओरखडा.
त्याच्या नोंदीत तो तास सापडला:
खोली अचानक चाळीस मीटरनं वाढलेली,
जणू कुणी मान धरून पाण्यात दाबलं,
मग सोडून दिलं. पुढचा आकडा नेहमीसारखा.

सहाव्याला हाक मारली. त्यानं ओ दिली.
"सुटलो," असंही कळवलं.
अंतर दोन हजार एकशे चार.
दहा मिनिटांनी, दोन हजार एकशे चार.
मग एकशे सहा, पण ते आमचं जहाजच सरकलं होतं.
मर्डो कानाला हेडफोन लावून तीन तास बसला,
पुन्हा पुन्हा तीच हाक, पुन्हा तीच ओ.
मग पश्चिमेकडून बर्फ यायला लागला
आणि कप्तानानं काही न बोलता जहाज वळवलं.

डॉक्टर पेटिग्र्यू म्हणाल्या, शेजारच्या दोघांवरून भरून काढ.
भरला. पद्धत बरोबर आहे,
कुणी हरकत घेणार नाही.
शेऱ्याच्या रकान्यात "अंदाज" लिहिलं
आणि बराच वेळ त्या शब्दाकडे बघत बसले.
बॅटरी पुढच्या मेपर्यंत टिकेल.
तोवर दर अर्ध्या तासाला तो तिथं
प्रवाहाची दिशा आणि वेग नेमानं टिपून ठेवणार,
बर्फाखाली, अंधारात,
मिठाला जागून.

रविवारी आबांना तेही सांगितलं.
आजारपणापासून त्यांची चव गेली आहे.
आई भाजीत मीठ टाकते ते आता नुसतं बघायचं, म्हणतात.
बराच वेळ फोनवर काही नव्हतं.
मला वाटलं, लाईन तुटली.
"आबा?"
"हं."
"ऐकताय ना?"
"वो देतो ना तो तुला," ते म्हणाले. "मंग?"

एकशे तेरा नंबर.
गळा पुसला. तीनदा विसळली.
चौतीस पूर्णांक एक.