अकरा मीटर

बंद गिरणीची शेड
आधी पावलांनी मोजली, मग फितीनं:
एकाहत्तर मीटर. पुढे भिंत.
बाहेर बिर्लानगरात जानेवारीचं धुकं,
हातातली सायकलसुद्धा दिसेना.

श्रुतिका इंगळेला मी इथे पळवलं.
कंपूतल्या रजईवाल्याकडून तीन जुन्या गाद्या आणून
भिंतीला टेकवल्या.
साठ मीटर पळता येतं हो,
उरलेल्या अकरात थांबायचं कसं?
पोर धाडकन आपटायची.
केसांत कापूस घेऊनच पुन्हा उभी
खडूच्या रेघेवर.

तिची आई डब्यात गजक द्यायची, म्हणायची,
'मॅडम, सात सेकंदांसाठी
एवढं लांब परदेशात?'
मी काय सांगणार.
माझं सगळं धावणं
लग्नाआधीच्या एका प्रमाणपत्रात आहे,
त्यावर आडनाव चुकलेलं.

रात्री दीड वाजता फोनवर बघितलं.
छताखाली निळी धावपट्टी,
आठवी लेन, ती एवढीशी.
बंदुकीचा आवाज मला उशिरा आला
की तीच आधी सुटली, कळलं नाही.
मग चित्र अडकलं,
गोल गोल फिरत राहिलं,
आणि हललं तेव्हा सगळ्याजणी
भिंतीशी पोचलेल्या.

सात एक्केचाळीस. सहावी.
पुढच्या फेरीत नाव नाही.

सकाळी तिचा फोन.
रडेल म्हणून मी चार वाक्यं जुळवून ठेवलेली.
ती म्हणाली,
'मॅडम, इथली गादी फार मऊ आहे.
लागतच नाही.'