दुसऱ्या बाजूचं गाणं

उथळसरला, मिस्किटाच्या माडीवर
अजून जमतो आम्ही महिन्यातून एकदा.
चौघं. पूर्वी नऊ होतो.
तबकडी एकच, पंचेचाळीसची, बशीएवढी.
पहिल्या बाजूचं गाणं कुणालाही आवडेल असं,
म्हणून आम्हाला आवडत नाही.
उलटी करायची. सुई ठेवायची.
गिटार दोनदा खोकते
आणि कुणी एक साहेब विहिरीच्या तळातून गाऊ लागतो.

बँडचं नाव चहाच्या डागाखाली गेलंय.
साल सदुसष्ट, एवढं नक्की.
प्रधानांच्या मते अडुसष्ट.
वेळ तेवढी वाचता येते : दोन मिनिटं एकोणीस सेकंद.
आमच्याकडे ते अडीचच्या पुढे चालायचं.
घड्याळ कोण बघतो.

तांडेल म्हणायचा, हे भरतीचं गाणं.
चेंदणीला खाडी चढते ना,
घाई नाही, पण थांबतही नाही, तसा तो ड्रम.
प्रधान म्हणायचे, भरती कसली,
ड्रमवाल्याला झोप आलीय.
वागळे इस्टेटमध्ये तिसरी पाळी केलेल्या माणसाला
असे हात बरोबर कळतात.
मिस्किटाला ती प्रार्थना वाटे,
त्याच्या लहानपणी चर्चमधला ऑर्गन
असाच दम खात वाजायचा म्हणे.
आणि शब्द माझ्याकडे,
कारण मी इंग्रजी घेऊन बी.ए.

तिसऱ्या कडव्यातली एक ओळ मला कधीच लागली नाही.
एकाहत्तर साल. आठ जण माझ्या तोंडाकडे बघत होते.
मी म्हटलं,
'समुद्राला सांग, उद्यापासून येऊ नकोस.'

त्या ओळीच्या जोरावर तांडेल बापाशी भांडला,
होडीतला वाटा सोडून लेथवर लागला.
प्रधानांना ती ओळ बाळबोध वाटली,
समुद्र कुणाच्या बापाचं ऐकतो?
दीड वर्ष दोघं बोलत नव्हते,
संध्याकाळी तलावपाळीला
एक या काठाने फिरायचा, एक त्या.
मी दोघांनाही भेटायचे. गप्प.

परवा मिस्किटाची नात ऐरोलीहून आली.
फोन पुढे धरला. हेच ना तुमचं?
आणि गाणं धावत सुटलं,
शाळा सुटल्यासारखं.
आवाज कोवळा, विशीतल्या पोराचा.

हे चुकीचं आहे, तांडेल म्हणाला.
चुकीचं नाही, तुमच्या प्लेयरचा पट्टा सैल आहे.
पन्नास वर्षं?
प्रधान हसायला लागले आणि मध्येच थांबले.
त्यांचा झोपाळू ड्रमवाला टक्क जागा होता.

त्या वेगात ती ओळ स्वच्छ आली :
दूधवाल्याला सांग, उद्यापासून एकच बाटली ठेव.

मी चहाच्या कपात बघत राहिले.
परत लाव, तांडेल म्हणाला.
तिने लावलं.

बायको माहेरी गेली असेल, प्रधान म्हणाले,
बघा चाल कशी खुशीत आहे.
मेली, मिस्किटा म्हणाला.
मेली असती तर असं नाचत सांगेल?
सांगेल.
नाही हो सांगणार.

तांडेल बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, सत्त्याहत्तर साली
कोपरीच्या आरे केंद्रावर मी कार्ड बदलून घेतलं.
दोनाचं एक.
असाच बोललो होतो, भराभर.
मागे रांग होती.

खाली कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती.
प्रधानांनी चष्मा पुसला, म्हणाले,
तरीही मला हे गाणं विनोदीच वाटतं.
वाटू दे, तांडेल म्हणाला.
आणि माझ्याकडे वळून, रागावून नाही,
फोर्‌मन विचारतो तसं :
शरयू, मग समुद्र कुठून आणला होतास?

मी उत्तर जुळवत होते,
तेवढ्यात मिस्किटाने सवयीने तबकडी उलटी केली.
गिटार खोकली. पुन्हा एकदा.
ड्रमवाला पेंगायला लागला.
तिसरं कडवं यायला अजून वेळ होता.