डावा कान

पार्लरवाला अठराशे सांगतो.
माझ्या डोक्यावर आजवर कुणी
एवढे खर्च केले नाहीत,
म्हणून हिचं मीच करते, रविवारी,
पाणी जायच्या आत.

नाव खारी. ठेवलं ह्यांनी.
रंग तसाच, आणि हात लावला की
घरभर चुरा.
मी तेव्हाच म्हटलं होतं, कुत्रा आणाल
तर केर तुम्ही काढायचा.
काढला. अकरा वर्षं काढला,
गोदीतून आल्यावर, शर्टसुद्धा न बदलता.

बादलीची कडी वाजली की ही पलंगाखाली.
आधी नाव घेऊन बघते, मग बिस्कीट,
मग ह्यांच्यासारखी शीळ.
ती मला येत नाही, नुसती हवा जाते,
पण त्या हवेलाच बाहेर येते,
फी न भरलेल्या पोरासारखी.

भिजली की निम्मी होते.
एवढीशीच होती तर ही.
पोटाशी एक जुना टाका लागतो हाताला,
त्याची गोष्ट मला ठाऊक नाही.
विचारायची राहिली.

नखं काळी, आतली शीर दिसत नाही.
पहिल्यांदा कापली तेव्हा रक्त आलं,
हळद सापडेना, हाताला लागली
ती ह्यांच्या दाढीच्या डब्यातली तुरटी.
एका बाजूने खळगा पडलेली,
ह्यांच्या हनुवटीच्या मापाचा.
तोच दाबून धरला तिच्या बोटावर.
थांबलं.

मग खिडकीत बसून विंचरणं.
आतली लव निघते, मूठ मूठ.
मी गजांवर ठेवत जाते,
आणि खाली देवरुखकरांच्या सांडग्यांवर उडाली
की त्या मला नावानिशी हाक मारतात.

बाणगंगेवर दहाव्याला कावळा शिवला नव्हता.
दीड तास.
दीर म्हणाला, धाकटीचं लग्न आम्ही लावू.
मुलगा म्हणाला, हप्ते मी फेडीन.
नणंद म्हणाली, वहिनीला अंतर देणार नाही.
ह्यांच्या आवडीचा सुका जवळासुद्धा
कुणीतरी पानावर ठेवून बघितला.
कठड्यावर चाळीसेक कावळे,
एकाने मान वळवली नाही.
शेवटी गुरुजींनी दर्भाचा केला,
ऊन चढलं म्हणून सगळे उठलो.
घरी आलो तर ही दाराशी.
तिचं नाव कुणी घेतलं नव्हतं.
मीही नाही.

आज गजावर एक आला.
पुंजका बघितला, मला बघितलं,
चोचीत मावेना एवढा घेतला,
परत ठेवला, नीट धरला,
आणि गेला पोलीस वसाहतीच्या पिंपळाकडे.
आता चैत्र चालू आहे, घरट्याचे दिवस.
माझगावला कावळे काय कमी आहेत,
आणि त्यांना काथ्या, तार, काहीही चालतं.
असं मी देवरुखकरांना सांगितलं असतं
त्यांनी विचारलं असतं तर.

डावा कान राहिलाय.
तो ती देत नाही.
पेपर वाचताना ह्यांच्या बोटांत असायचा तो,
अग्रलेख संपेपर्यंत.
आता गुंता झालाय, कापावाच लागेल.
कात्री उचलली, तशी गुरगुरली.
ठेवली खाली.
नुसता धरून बसले कान.
थोडा वेळ तरी गुरगुरतच होती.

आत मोरीत नळ फुसफुसायला लागला,
म्हणजे पाणी गेलं.
एक बादली भरायची राहिली.