ओळ क्रमांक ४११२

मे महिना, त्रिमूर्तीनगर, दुपारचे साडेतीन.
कूलरच्या टाकीत पाइप सोडून
मी पुन्हा फाइल उघडते.
डावीकडे इंग्रजी, उजवीकडे नॉर्वेजियन,
मधे माझी एक अरुंद पट्टी, खुणा करायला.
कादंबऱ्या, बातम्या, कॉड माशाची कृती,
कुठल्याशा नगरपालिकेचा बर्फ उपसण्याचा अहवाल.
कोणीतरी कामासाठी लिहिलेलं सगळं,
व्याकरणासाठी म्हणून एकही वाक्य रचलेलं नाही.
इंगुनची अट आहे तशी, बर्गनहून:
उदाहरण मनचं नको. सापडलेलं दे.

सापडतं ते असं, की
इंग्रजी माणूस वाचताना नुसता असतो. इज रीडिंग.
नॉर्वेजियन आधी बसतो, मग वाचतो. सिटर ऑ लेसर.
उभा राहतो आणि वाट पाहतो,
आडवा होतो आणि विचार करतो.
शरीर कुठं ठेवलंय ते सांगितल्याशिवाय
त्याचं कामच सुरू होत नाही.

आतून बाबा: काय करून राहिली वं?
वाचून राहिली, बाबा.

आमच्याकडे असत नाहीत, बसत नाहीत,
राहतात.
जेवून राहतात, भांडून राहतात.
इंगुनला कळवलं. तिनं विचारलं, किती वेळा आढळलं?
एकाच घरात, म्हटलं. रोज.

मग 'हिज'च्या ओळी आल्या. चार हजारांवर.
ही टुक हिज कोट.
स्वतःचा, की शेजारच्या खुंटीवरचा?
इंग्रजी खांदे उडवते.
उजवीकडे गेलं की लपता येत नाही:
स्वतःचा तर सिन, दुसऱ्याचा तर हान्स.
एवढ्याशा शब्दात अख्खी चोरी.
एका अनुवादकानं चुकून हान्स लिहिलंय
आणि एक सज्जन पाद्री आठ पानं
भलत्याच्याच बायकोवर जीव टाकतो.

बाबा हसले. ते आरएमएसमध्ये सॉर्टर होते,
पाकिटावर नुसतं 'गुरुजी, शाळेजवळ' असलं तरी
वर्धा यायच्या आत खण ठरवावाच लागे.
"मंग आपल्यात नाही का तसं?
त्यानं आपला कोट घेतला. त्यानं त्याचा घेतला.
झालं की."
मी पट्टीत लिहिलं: मराठी उजवीकडची.
दोन दिवस त्याच खुशीत.

तिसऱ्या दिवशी चंद्रकलाआत्याचा फोन.
"ऐकलं का? नरेशनं आपला प्लॉट विकला."

बेसा. पंधराशे चौरस फूट.
बाबांची ग्रॅच्युइटी,
कागदावर नाव भावाचं, तेव्हा ते सोयीचं होतं म्हणून.

आत्या, आपला म्हणजे?
"आपला म्हणजे आपला वं!
हे काय विचारून राहिली?"

रात्री इंगुनला ती ओळ पाठवली, क्रमांकासकट.
सापडलेली आहे, लिहिलं. रचलेली नाही.
तिच्याकडे अजून उजेड होता. लगेच उत्तर आलं:
सिन की वोर? त्याचा स्वतःचा, की तुमचा सगळ्यांचा?
तुमची भाषा दोन्हीला एकच शब्द कसा वापरते?
एक खूण कर.

केली नाही.
नरेशला फोन लावला, तो म्हणाला,
"अगं, मी आपलं सांगणारच होतो."
इथं 'आपलं'चा अर्थ काहीच नाही,
तेही नोंदवायला हवं.

बाबा व्हरांड्यात, दिवा न लावता.
मांडीवर सकाळचा पेपर.
काय करून राहिले, बाबा?
"काही नाही. बसून राहिलो."

बऱ्याच वेळानं म्हणाले,
"पाइप काढ वं.
टाकी कव्हाची वाहून राहिली."