डोळ्यांत तेल

पिको बेटाच्या दक्षिण कड्यावर
चुना दिलेली एक खोली आहे.
तिला खिडकी नाही, आडवी चीर आहे
टपालपेटीला असते तशी, फक्त लांब.
चिरेमागे दुर्बीण. दुर्बिणीमागे माझा बाप, एर्मिनिओ.
सकाळी सहाला चढतो. खिशात पाव, चीज,
आणि गुडघ्यांना द्यायच्या शिव्या.

मी खाली, बोटीवर.
बारा प्रवासी, बारा नारिंगी जॅकेटं,
आठ दिवसांत पाच बेटं.
पत्रकावर छापलंय :
देवमासा दिसण्याची शक्यता पंच्याण्णव टक्के.
हे पंच्याण्णव टक्के म्हणजे माझा बाप.

काल फायाल बेटावर थांबलो होतो. तिथे ज्वालामुखीच्या राखेत
दीपगृह पहिल्या मजल्यापर्यंत बुडालेलं आहे.
शाळामास्तरीण फ्राउ हार्टविग राख पिशवीत भरू लागल्या.
राहू दे बाई, म्हटलं,
याच राखेपायी माझ्या तीन आत्या अमेरिकेला गेल्या,
आता उरलेली तरी इथे असू दे.

वायरलेस खरखरतो :
"नैर्ऋत्य. तीन मैल. फवारा डावीकडे कललेला.
हळू जा, पोरी."
मी हळू जाते.
चौकोनी डोकं, ओल्या बेसाल्टसारखी पाठ,
दहा मिनिटं श्वास, मग शेपूट,
मग पाण्यावर तेलकट, गुळगुळीत एक वर्तुळ
आणि कुणीतरी उगाच कुजबुजतं.

सतरा वर्षांचा होता तेव्हा
याच चिरेतून फवारा दिसला
की बाप आकाशात बाण सोडायचा. फट्.
द्राक्षमळ्यांच्या काळ्या दगडी भिंतींवरून उड्या टाकत
माणसं होड्यांकडे पळायची, कोयते जिथल्या तिथे,
चर्चमध्ये पाद्री आणि म्हाताऱ्या तेवढ्या उरायच्या.
भाल्याचा दोर असा सुटायचा की लाकडातून धूर निघे.
आईच्या लग्नाच्या झग्यालाही म्हणे
कारखान्याचा वास होता.
डोळ्यांत तेल घालून बघणं म्हणजे काय,
त्याला विचारा.
तेलही त्यांचंच, ज्यांना तो बघायचा.

मग ते सगळं बंद झालं.
सात वर्षं त्या खोलीत कोंबड्या होत्या.
मग पहिली प्रवासी बोट आली,
आणि त्याने कोंबड्या हाकलल्या.

मंगळवारी वायरलेस गप्प.
समुद्र इस्त्री फिरवल्यासारखा.
दहा वाजले. साडेअकरा.
"बाबा?"
"काही नाही. धुकं आहे."
मी मान वर केली.
एवढं स्वच्छ ऊन, की खोलीच्या दाराची कडी मोजावी.
डॉल्फिन आले, सगळ्यांनी सभ्यपणे फोटो काढले.
कागारू पक्षी पाण्यावर थवा करून बसले होते,
त्यांनाही आमच्यात रस नव्हता.
फ्राउ हार्टविग म्हणाल्या, पंच्याण्णव टक्क्यांचं काय झालं?
मी अर्धे पैसे परत केले
आणि सगळ्यांना चीज कापून दिलं.

रात्री तो चुलीपाशी मासा उलटत होता
आणि त्याची वही टेबलावर उघडी होती.
तारीख, वारा, दिशा, संख्या,
कोवळ्या वयातली सवय.
मंगळवार. वारा नाही. आग्नेय, दोन मैल.
मोठी एक. लहान एक.
खाली, अक्षर जरा वाकडं :
लहान आजचंच असावं.
वेळ : सहा चाळीस ते सव्वाएक.

मी वही मिटली नाही, होती तशी ठेवली.
त्याने मला दोन बटाटे जास्त वाढले.
"धुकं?" मी विचारलं.
"दाट," तो म्हणाला,
आणि शर्टाच्या टोकाने दुर्बिणीच्या काचा
बराच वेळ पुसत राहिला.

शनिवारी नवे बारा आले.
त्याआधी मी बाराही पत्रकांवर
पेनाने पंच्याण्णवचे चौऱ्याण्णव केले.
एका मुलाच्या लक्षात आलं.
हा एक टक्का कुठे गेला, त्याने विचारलं.
धुकं, मी म्हटलं,
आणि इंजिन सुरू केलं.