त्याच तारखेचा कागद

पाकीट जाड निघालं. आत्या म्हणाली, "नाहीच म्हटलं असणार.
नकाराला कारणं द्यावी लागतात,
होकार काय, एका ओळीत मावतो."
मासे चिरायच्या सुरीने तिनेच कड फाडली
आणि कागद माझ्याकडे दिले.
चष्मा समोर असून सापडेना तिला.

मी वाचलं. अर्जदार आयली केस्टिला,
नौदल, छप्पन्न ते अठ्ठावन्न.
तीन सदस्य, तिघांचं मत एक:
'अनिष्ट' हा शब्द काढावा,
'सन्मानपूर्वक' घालावा. निर्णय अंतिम.

मागे नवा दाखला. त्यावर तारीख जुनीच,
अकरा मार्च अठ्ठावन्न.
म्हणजे त्या दिवशी काही घडलंच नाही.
मेरीलँडच्या तळावरची ती खोली नाही,
दोन अधिकारी नाहीत, सात तास नाहीत,
कोणाच्या खाटेवर कोण, किती वाजता,
हे कोणी कोणाला विचारलं नाही.
गणवेश उतरवून घेतलेली,
उसन्या कोटातली वीस वर्षांची मुलगी
बस बदलत बदलत ॲस्टोरियाला आलीच नाही.

आजोबांना तिने सांगितलं होतं, मुदत संपली.
कॅनरीच्या अर्जात लिहिलं, मुदत संपली.
एकतीस वर्षं ट्यूना साफ करताना,
सौनाच्या वाफेत, चर्चमधल्या कॉफीला,
माझ्या बापाच्या मयताला,
कोणी विषय काढलाच तर तेवढंच.
आता सरकार म्हणतंय, बाई खरं बोलत होती.

मी टाळी वाजवली. जरा जास्तच जोरात.
ती खिडकीतून नदीवरची मालवाहू जहाजं बघत राहिली.

मग म्हणाली, "यात व्हर्नाचं कुठे आहे?"
कोण व्हर्ना?
"टॉलिव्हर. त्यांना एक तरी नाव हवं होतं.
सहा तास मी नाही दिलं."

शेगडीवर कॉफी उतू गेली, करपली.
आम्ही दोघींपैकी कोणी उठलं नाही.

पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात होतं,
शंका असल्यास या नंबरवर, नऊ ते चार.
आत्याने तो कॅलेंडरच्या कडेला उतरवून घेतला,
एकेक आकडा घरातल्या किल्लीएवढा.
"तिकडचे चार म्हणजे आपला एक ना?"
घड्याळाकडे बघितलं.
"मग अजून तासभर आहे."